भोपळ्याला जुळवलेली पेटी

माझ्या घरात एक पेटी आहे. सागवानी, जुनी, जर्मन सुरांची, आणि भाता अजून ठणठणीत. गाणारं-वाजवणारं कुणी घरी आलं की त्यांचे हात शिवशिवतात. मी म्हणतो, बसा, वाजवा. दोन मिनिटांत पेटी बंद होते आणि पाहुणे माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, कारण तिचा सा कुठेच बसत नाही. काळी एक म्हणावी तर वर आहे, पांढरी दोन म्हणावी तर खाली आहे. पट्ट्या आपसात एकदम सुरेल, फक्त मधला पंचम जरा बारीक बोलतो, पण दुसऱ्या कुठल्याही वाद्याशी तिचं जमत नाही. मालकही असाच होता, एवढं बोलून मी चहाचं विचारतो. खरं सांगायला वेळ लागतो, आणि त्यात माझीही एक चूक आहे. ती चहाबरोबर सांगण्यासारखी नाही.

मालक म्हणजे सहादू निवृत्ती मोगल. निफाडकडचा, द्राक्षबागेच्या घरातला धाकटा मुलगा. थोरला भाऊ बहिरू बागेत रमला आणि हा गावच्या भजनी मंडळात. त्या मंडळाचे म्हातारे पेटीवाले बुवा जाताना आपली पेटी याच्या हवाली करून गेले. घरच्यांना वाटलं, दोन दिवसांचं खूळ. हा पेटी घेऊन नाशिकला आला, गाण्याच्या परीक्षा दिल्या, पंचवटीत एका शाळेत संगीतशिक्षक झाला आणि दोन खोल्यांच्या बैठ्या घरात संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागला. मी तेव्हा एसटीच्या डेपोत कारकून होतो आणि सुटल्यावर तबला वाजवायचो. ब्याण्णव साली एका स्नेहसंमेलनात आमची गाठ पडली. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं की मी ठेका चांगला धरतो पण डोकं वापरत नाही. मला राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. पुढची पंधरा वर्षं जातच राहिलो.

सहादूला संगीतिका करायची होती. म्हणजे असं नाटक, ज्यात कुणी बोलत नाही, भांडतात तेही गाऊन आणि हिशोब विचारतात तोही गाऊन. रेडिओवर कधीतरी एखादी ऐकली होती तेव्हापासून त्याच्या डोक्यात तो किडा होता. मी विचारलं, नाशिकमध्ये हे कोण बघणार? तो म्हणाला, एकदा होऊ दे, मग बघू कोण बघतं ते. एकदाच, एवढीच त्याची मागणी होती. त्याने गोष्टही ठरवली होती. द्राक्षाच्या बागेत डोंगराकडची माणसं कामाला येतात, बांधावर राहतात, हंगाम संपला की निघून जातात. मालकाच्या घरातली एक बाई आणि मजुरांतली एक पोर, दोघींची गाणी. नाव ठेवलं ‘छाटणी’. मी म्हटलं, बागेला कंटाळून पळालास आणि शेवटी बागच लिहितोयस. त्यावर त्याने मला तबल्यावरची तिहाई नीट वाजवायला सांगितली.

पंच्याण्णवच्या मार्गशीर्षात तो भावाकडे गेला होता. तिथे बांधावर पेठकडची चार-पाच कुटुंबं उतरली होती. त्यांतला एक बुधा, तिशीचा, हडकुळा. दुपारच्या सुट्टीत तो पावरी वाजवत होता. पावरी म्हणजे एक वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, पुढे शिंगासारखा भोंगा, आणि सांधे मेणाने बंद केलेले. श्वास न तोडता वाजवतात, त्यामुळे सूर मध्ये कुठे थांबतच नाही. सहादू त्या दिवशी जेवायला घरात गेलाच नाही. बहिरूने मला नंतर सांगितलं, की आमचा मास्तर बांधावर बसून रडत होता, आम्हाला वाटलं बायकोशी भांडून आला.

नाशिकला परतला तो थेट माझ्या डेपोत. म्हणाला, शेवट सापडला. शेवटच्या प्रवेशात माणसाचा आवाजच नाही. मजूर निघून चाललेत, घरात पेटी वाजतेय, लांबून पावरी वाजतेय, दोघी एकमेकींना शोधतात आणि अखेर एका ‘सा’वर येऊन थांबतात. अकरा मिनिटं. खिडकीपलीकडे पास काढायला आलेल्यांची रांग लागली होती आणि हा मला संगीतिकेचा शेवट गाऊन दाखवत होता.

अडचण पुढच्याच आठवड्यात कळली. बुधाला घरी बोलावलं, पेटी उघडली, आणि पावरीचा सा पेटीत सापडेना. काळी एकच्या वर, पांढरी दोनच्या खाली. तबला चढवता-उतरवता येतो, तंबोरा कुठेही लावता येतो, पेटीला ती सोय नाही. दोन्ही एकत्र वाजले की मध्ये नुसती थरथर ऐकू यायची, दातात कण अडकल्यासारखी. मी म्हटलं, पेटी काढ, तंबोऱ्यावर कर. तो नाही म्हणाला. म्हटलं, पेटीच्या मापाची पावरी करून घे. बुधा हसला. भोपळ्याला जो सूर असतो तो असतो, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस हाच काथ्याकूट चालला. चौथ्या दिवशी मी वैतागलो आणि बोलून गेलो.

“भोपळा काही तुझ्यासाठी बदलणार नाही. मग पेटीच घास की.”

मी चिडवायला म्हणालो होतो. सहादू म्हणाला, “हे मला का नाही सुचलं?”

पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन-दोन पातळ जिभा असतात. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मूळ घासलं की उतरतो. त्याच्या पेटीत अशा अठ्ठ्याहत्तर जिभा होत्या. आमचे पेटीदुरुस्तीवाले केरू मिस्त्री हे ऐकून हातच लावायला तयार नव्हते. हे सूर, म्हणजे या जर्मन जिभा, आता मिळत नाहीत, घासलेलं पितळ परत चिकटत नाही, बाकी तुमची मर्जी, एवढं सांगून त्यांनी आम्हाला दुकानाबाहेर काढलं. मग सहादूने स्वतःच कानस घेतली. पहिला सा बुधाला समोर बसवून घासला. थोडं घासायचं, बसवायचं, भाता मारायचा, ऐकायचं, परत काढायचं. संध्याकाळ व्हायच्या आत थरथर गेली. दोन सूर खरोखर जुळले की मधलं सगळं हलणं थांबतं आणि खोली मोठी झाल्यासारखी वाटते. मी तबलजी माणूस, सुरातलं मला बेताचंच कळतं, पण ते मला कळलं. बाकीचे सत्त्याहत्तर सूर त्या पहिल्याच्या आधाराने घासायला त्याला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली.

शिकवण्या तिथपासून ओसरू लागल्या. याच्याकडे शिकलेली मुलं परीक्षेला दुसऱ्या पेटीवर गायला बसली की चाचपडायची. पालक येऊन गोड बोलून जायचे आणि पोरं परत यायची नाहीत. सहादूला त्याचं काही नव्हतं. त्याची बायको वत्सलाबाई, पिंपळगावच्या शेतकऱ्याची मुलगी, तिने न बोलता पोळीभाजीचे डबे सुरू केले. मी डबा घेणाऱ्यांत पहिला होतो, कारण मला तिच्याकडे मान वर करून बघायची लाज वाटायची.

बुधाच्या घरची एक रीत होती. नवा भात घरात आला की पावरी बोलायची आणि डोंगऱ्या देवाचा उत्सव उरकला की ती आढ्याला टांगली जायची. बाकीच्या दिवसांत तिला फुंकर घालायची नाही. म्हणजे वर्षातले पाच-सहा आठवडे. शहाण्णव आणि सत्त्याण्णव, दोन्ही वर्षी बुधा त्या दिवसांत आला आणि त्या दोघांनी शेवटचा प्रवेश बसवला. मी शेजारी बसून मांडीवर ताल मोजायचो. त्यात तबला नव्हताच, तरी मी जायचो.

बाकी सगळ्या गाण्यांची स्वरलिपी सहादू टाकोटाक लिहायचा, शाळेतल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर, रेघा मारून. शेवटच्या प्रवेशाचा मात्र एकही स्वर कागदावर नव्हता. मी दोनदा टोकलं. तो म्हणाला, “बुधाला वाचता येत नाही आणि मला गरज नाही. मग लिहू कुणासाठी?”

अठ्ठ्याण्णवपासून बुधा यायचा बंद झाला. गुजरातेत काम मिळालं होतं, बारमाही. सहादू म्हणाला, तोवर बाकीचं पुरं करतो. मग चार वर्षं त्याने बाकीचं पुरं केलं. गाणारे यायचे, चार महिने तालीम करायचे, नोकरी लागली, लग्न ठरलं म्हणून जायचे. मजुराच्या पोरीचं काम तीन मुलींनी शिकून सोडलं. चौथी पल्लवी, नर्सिंग करणारी, ती टिकली. दोन हजार दोनच्या पावसाळ्यात एक संस्था सभागृह द्यायला तयार झाली. डिसेंबरातली तारीख. पेठच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर मी बुधाला निरोप धाडला. बुधा गावी परत आला होता. नवा भात घरात आला की येतो, असं उलट कळवलं त्याने. सहादूने त्या दिवशी मला पेढा दिला. पंधरा वर्षांत त्याने स्वतःहून काही खायला दिल्याची ती एकच वेळ.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी, अकराच्या सुमारास, बुधा पावरी कापडात गुंडाळून घरी आला. सगळे जमले होते. सहादूने भाता मोकळा केला, सा धरला आणि बुधाला मान हलवून खूण केली. बुधाने फुंकलं.

थरथर. पहिल्या दिवशी होती तशीच.

सहादूने पट्टी सोडली, परत धरली. मग त्याने कापड उचलून पावरी नीट पाहिली आणि जुनी कुठे आहे म्हणून विचारलं.

“ती किडली ना, सर,” बुधा म्हणाला. “भोपळाच तो. दोन-तीन सालं टिकतो. मधी अजून एक झाली, ही तिसरी.”

त्याच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नव्हतं. चप्पल झिजली की नवी घेतो, तसं. आणि आम्ही, शाळा शिकलेली दोन माणसं, एक जन्मभराची पेटी घासून त्या चपलेच्या मापाची करून बसलो होतो. मला हसू आलं नाही. मला सहादूला गदागदा हलवावंसं वाटलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला भोपळा किती टिकतो ते कळू नये? मग आठवलं की कानस चालवायला सांगणारा मी होतो.

नवीन भोपळा खाली बोलत होता, पाव पट्टीहूनही कमी. फरक एवढासाच, पण सगळं नासवायला पुरेसा. सहादू उठला, फळीवरची कानस काढली आणि पेटीचं वरचं झाकण उघडलं. मी त्याला सांगितलं की उद्या प्रयोग आहे, अठ्ठ्याहत्तर सूर एका दिवसात व्हायचे नाहीत आणि आधीच घासून पातळ झालेत. त्याने ऐकलं नाही. पहिलाच सूर त्याने पंचमाचा उचलला आणि मुळाशी घासायला लागला. चार-पाच वेळा कानस फिरली असेल. टक असा बारीक आवाज झाला आणि जीभ तुटून त्याच्या तळहातावर पडली. पल्लवी रडायला लागली. बुधाला काय झालं ते नीट समजलं नव्हतं, तो मला हळूच म्हणाला की सर म्हणतील तर मी परत जातो.

प्रयोग झाला. गायनाचे सगळे प्रवेश झाले, आणि चांगले झाले असं मी आजही म्हणेन. शंभर-सव्वाशे माणसं होती. शेवटच्या प्रवेशाआधी सहादू पेटीवरून उठून पुढे आला आणि म्हणाला, “शेवटचा प्रवेश आज होणार नाही.” पुढचं बोलायला त्याने तोंड उघडलं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं. खुर्च्या वाजल्या, लोक दाराकडे निघाले, कुणीतरी हार आणला. बहिरू सहकुटुंब आला होता. तो आत येऊन म्हणाला, बरं झालं, वेळेत आटोपलं, आम्हाला निफाड गाठायचंय. काहीतरी राहिलं आहे हे कुणालाच जाणवलं नाही, आणि सहादूला तेच लागलं. प्रयोग फसला असता तर तो उठून उभा राहिला असता.

वत्सलाबाई त्या रात्री नाही, पण दोन-चार दिवसांनी डबा भरता भरता मला म्हणाली, “मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, भावजी. आमच्या माळवदावर दरसाल भोपळे वाळत पडायचे. मला कुणी विचारलंच नाही.” मी डबा घेतला आणि निघालो.

पुढच्या जूनमध्ये मी गेलो तर सहादू घरामागच्या मोकळ्या पट्टीत कुदळ मारत होता. बुधाकडून बी आणलं होतं. पहिली पावरी ज्या वेलाच्या भोपळ्याची, त्याच वेलाच्या बियांतून पुढचं बी धरत आलोत असं बुधाने सांगितलं होतं. वेल तोच, म्हणजे कधी ना कधी तोच भोपळा येणार, असा सहादूचा हिशोब. माती तीच नाही, पाऊस तोच नाही, हे मी बोललो नाही. आधी एकदा बोलून काय झालं ते मला ठाऊक होतं. पण गप्प बसलो हेही बरोबर केलं का, ते मला आजही सांगता येत नाही.

द्राक्षाच्या बागेतून पळालेला माणूस पन्नाशीत शेतकरी झाला. कुंपणावर, न्हाणीघरावर, शेजाऱ्याच्या तारेवर वेल चढले. भोपळे वाळवून पडवीत ओळीने टांगलेले असत आणि सहादू येता-जाता बोटाने टकटक करून ऐके. शाळेत पोरं त्याला भोपळे सर म्हणू लागली. त्याला ते कळत होतं. मार्गशीर्ष आला की त्यातले तीन-चार चांगले भोपळे आणि पेटी घेऊन तो पेठच्या गाडीत बसायचा. मी पहिल्या वर्षी सोबत गेलो. बुधा नळ्या बसवायचा, मेण लावायचा, फुंकायचा. हा पट्टी धरायचा. मग बुधा पावरी खाली ठेवायचा आणि दुसरा भोपळा उचलायचा. दोन हजार तीन साली जमलं नाही. चार, पाच, सहा साली जमलं नाही. दर वर्षी तो परत येताना जास्त थकलेला असायचा आणि जूनमध्ये परत खड्डे खणायचा. मी मधली दोन वर्षं त्याच्याकडे जाणं कमी केलं. कामाचं निमित्त सांगितलं, पण खरं म्हणजे ती टांगलेली ओळ मला बघवत नव्हती.

दोन हजार सातच्या श्रावणात सहादू गेला. ताप आला, कावीळ निघाली, दहा दिवसांत आटोपलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्याने मला वेलांना पाणी घातलं का विचारलं. बाहेर धो धो पाऊस होता. मी घातलं म्हणालो.

वत्सलाबाईने ते वेल उपटले नाहीत. भोपळे धरू दिले, वाळू दिले, आणि पुढच्या साली मला बोलावून पोतं पुढे केलं. हे बुधाकडे पोचवा, म्हणाली, आणि ती पेटी तुम्ही न्या. मी पोतं पेठच्या गाडीवर ठेवलं. मार्गशीर्षात तोच कंडक्टर डेपोत आला आणि म्हणाला, बुधाचा निरोप आहे, सरांच्या भोपळ्यातली एक पावरी पहिल्यासारखी बोलतेय, पेटी घेऊन या.

मी रजा टाकली. पेटी मांडीवर घेऊन गेलो. बुधा आता पोक्त दिसत होता, केस पिकलेले. अंगणात सारवलेल्या जागेवर त्याच्या बायकोने चटई टाकली. मला पेटी वाजवता येत नाही, पण सा कुठला ते माहीत होतं. ती पट्टी मी हजार वेळा त्याच्या बोटाखाली बघितली होती. भाता मोकळा केला, पट्टी दाबली. बुधाने गाल फुगवून फुंकलं.

जुळलं. जरासुद्धा हललं नाही. तेरा वर्षांपूर्वी पंचवटीतल्या खोलीत झालं होतं तसंच, तंतोतंत. बुधाने डोळे मिटले आणि श्वास न तोडता तो सा धरून ठेवला, वाट बघत. शेवटच्या प्रवेशात तसंच होतं, पावरी थांबायची आणि पेटी पुढे निघायची. किती मात्रांनी निघायची ते मला पाठ होतं. सोळा. कुठे वळायची, कुठे थांबायची, सम कुठे यायची, सगळं मला पाठ होतं. फक्त सूर कुठले ते माहीत नव्हते. सोळा मात्रा झाल्या. मी सा धरूनच होतो. आणखी सोळा झाल्या. भाता मारून माझा हात भरून आला, तरी मी पट्टी सोडली नाही, कारण सोडली की संपणार होतं.

शेवटी बुधाने पावरी तोंडापासून काढली आणि माझ्याकडे बघितलं.

“पुढं?” त्याने विचारलं.

मला पुढचं येत नव्हतं.